वीसपैकी तेरा

प्रिय ईशान आणि तन्वी,

ईशानला पहिल्या सेमिस्टरमध्ये वीसपैकी बारा मिळाले आणि त्याने ते दोन दिवस घरी सांगितलं नाही, हे मला तुमच्या आईकडून कळलं. ती फोनवर इतक्या हळू बोलत होती की मला आधी वाटलं, कुणीतरी आजारी आहे. ईशान, फ्रान्समधले बारा म्हणजे काय, हे नाशिकमध्ये माझ्याइतकं नीट फार थोड्या लोकांना माहीत असेल. मला ते शिकायला नऊ दिवस लागले, आणि त्या नऊ दिवसांत एका मुलीची परदेशातली जागा जाता जाता राहिली. तुमची आई तेव्हा बारावीत होती. तिला स्वतःच्या परीक्षेपलीकडे काही आठवत नाही. म्हणून मीच लिहिते आहे. तन्वी, तूही वाच. मेलबर्नमध्येही मार्क देतातच.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी आमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवत होते. शिवाय माझ्याकडे दोन जादा कामं होती. परीक्षा विभाग, कारण मला प्रत्येक कागद जागेवर लागतो. आणि परदेशी पत्रव्यवहार, कारण मी देवळाली कॅम्पला इंग्रजी शाळेत शिकले होते आणि इंग्रजी पत्र एका बैठकीत लिहून होत असे. त्या पत्रांतूनच फ्रान्समधल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला. त्याला सगळे एमओयू म्हणत. दोन संस्थांनी एकमेकांसाठी काय करायचं, हे लिहिलेला तो कागद. आमच्या एमओयूत मुख्य गोष्टी दोनच होत्या. दरवर्षी त्यांचा एक प्राध्यापक सात आठवडे येऊन एमएस्सीच्या मुलांना एक पूर्ण पेपर शिकवणार आणि तपासणार. आणि दरवर्षी आमचा एक विद्यार्थी सहा महिने त्यांच्या प्रयोगशाळेत जाणार.

हा विद्यार्थी कसा निवडायचा, ते कलम मी लिहिलं होतं. ‘या पेपरात किमान सत्तर टक्के.’ त्यांनी अशी अट मागितली नव्हती. मला वाटलं, आपण आपला उत्तम माणूस पाठवतो हे त्यांना दिसावं. मसुदा वाचून प्राचार्य म्हणाले होते, “वा मॅडम, जोरदार.” मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्याच वर्षी डॉ. क्लोदीन आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, खिशात कायम भिंग. विषय होता काढणीनंतर फळं का सडतात. द्राक्षांच्या गावात याहून कामाचा विषय नाही. वर्गात सोळा मुलं. सहा आठवडे सगळं छान चाललं. मुलांनी त्यांना मिसळ खायला घातली आणि त्यांनी ती न रडता खाल्ली, याची चर्चा कँटीनमध्ये दोन दिवस होती.

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी आमचे परीक्षा विभागाचे क्लार्क माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांना सगळं कॉलेज भाऊसाहेब म्हणे. हातात गुणांची यादी होती, क्लोदीनच्या सहीची.

“मॅडम, बाईंनी आख्खा वर्ग आडवा केला.”

“म्हणजे?”

“लय कडक तपासलंय. वीसपैकी मार्क दिलेत. मी पाचाने गुणून पाह्यले. एकाला साडेसात, म्हणजे साडेसदतीस. तो तर नापासच. बाकीचे चाळीस, पंचेचाळीस, पन्नास. सगळ्यात वर रेखा. तेरा.”

“तेरा पंचे पासष्ट,” मी म्हणाले, आणि मग मला सत्तरचं कलम आठवलं.

रेखा मनमाडची. वडील रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. पाच वर्षं रोज पॅसेंजरने नाशिकरोडला उतरून, तिथून बसने कॉलेजात. कमी बोलणारी मुलगी. क्लोदीनच्या वर्गात मात्र ती रोज पुढच्या बाकावर असे, आणि तास संपल्यावर दोघी दाराशी उभ्या राहून बोलत. सहा महिन्यांची ती जागा रेखाचीच, हे वर्गातल्या प्रत्येकाने धरलेलं होतं. आता ती तिला मिळत नव्हती, आणि कुणालाच मिळत नव्हती. पुढच्या शुक्रवारपर्यंत फॅक्सने नाव गेलं नाही तर या वर्षीची जागा दुसऱ्या देशाला जाणार होती. रेखाचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी ती आमची विद्यार्थिनीच नसणार होती.

मी यादी घेऊन प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य सर वाईट माणूस नव्हते. त्यांना अडचण दिसली की ती संध्याकाळच्या आत संपवायची घाई असे.

“सरसकट दहा-दहा वाढवा,” ते म्हणाले. “ग्रेस द्या.”

ग्रेस म्हणजे काठावरच्या विद्यार्थ्याला नियमाने दिलेले एक-दोन गुण. दहा गुणांना ग्रेस म्हणत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं.

“यादीवर त्यांची सही आहे, सर.”

“मग नवी यादी टाइप करा. शनिवारी सत्कार आहेच. शाल, श्रीफळ, फोटो, त्या गडबडीत सही घेऊ. मराठी माणूस तरी कागद वाचून सही करतो का?”

“त्या मराठी नाहीत. आणि रेखा जाणार त्यांच्याच प्रयोगशाळेत. पहिल्या दिवशी त्या विचारतील, तुझे मार्क वाढले कसे?”

सरांनी चष्मा काढला. “मॅडम, सत्तर तुम्ही लिहिलंत ना? आता तुम्हीच सोडवा.”

हे बरोबर होतं. मी यादी घेऊन बाहेर आले.

क्लोदीन प्रयोगशाळेत स्लाइड्स पुसत होत्या. आमचं बोलणं इंग्रजीत होई. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा हळू, पण माझ्यापेक्षा सरळ. मी पहिलंच वाक्य चुकीचं बोलले.

“रेखाचा पेपर तुम्ही पुन्हा एकदा बघाल का?”

त्यांनी स्लाइड खाली ठेवली. “का? मी बेरीज चुकले?”

“नाही. बेरीज बरोबर आहे.”

“मग का बघू? बावीस वर्षांत मी कुणाच्या सांगण्यावरून अर्धा मार्क बदललेला नाही, शालिनी.”

“ती मुलगी तुम्हाला कशी वाटते?”

“फार चांगली. म्हणून तर तेरा दिले.”

“आमच्याकडे पासष्ट म्हणजे फार चांगलं नाही. बरं, इतकंच.”

“तेरा म्हणजे तेरा.” मग त्यांना काहीतरी सुचलं असावं. “पण तुमचा सत्तरचा आकडा आला कुठून? सत्तर म्हणजे चौदा. या वर्षी माझ्या स्वतःच्या वर्गात, तिकडे, चौदा दोघांनाच आहेत.”

“मी लिहिला.”

“का?”

“तुम्हाला उत्तम विद्यार्थी मिळावा म्हणून.”

त्या खो-खो हसल्या. मला हसू आलं नाही. पण परत येताना माझ्या डोक्यात गोष्ट स्वच्छ झाली. गुण बदलायचे नव्हते. आमच्याकडे दोन वेगवेगळ्या पट्ट्या होत्या आणि आम्ही एकीवरचा आकडा पाचाने गुणून दुसरीवर वाचत होतो. तापाचा काटा फॅरनहाइटचा असताना तो सेल्सियसचा समजून कुणी औषध देईल, तसं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून कुठला आकडा कुठल्या आकड्याच्या समोर येतो, ते शोधायला हवं होतं. परीक्षा विभागात याला समकक्षता म्हणतात. हे काम करार करतानाच करायचं असतं. मी तेव्हा सुबक इंग्रजी लिहिण्यात गुंतले होते.

दुपारीच कामाला लागले. क्लोदीनच्या विभागाला फॅक्स केला: मागच्या तीन वर्षांत तुमच्या वर्गांना किती किती गुण मिळाले, ते नावांशिवाय पाठवा. भाऊसाहेबांना सांगितलं, आमच्या एमएस्सीच्या तीन वर्षांच्या याद्या काढा. आणि तिसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं काम. क्लोदीनने तपासलेल्या सोळा उत्तरपत्रिका घेतल्या, नावं आणि लाल शाईचे गुण कागदाच्या पट्ट्यांनी झाकले, आणि त्यांच्या झेरॉक्स काढल्या. भाऊसाहेबांनी पट्ट्या इतक्या सरळ चिकटवल्या की मला त्यांना शाबासकी द्यावी लागली.

“मॅडम, कुणी तपासायच्या या?”

“आपल्यापैकी कुणी नाही. आपल्याला मुलांची अक्षरं ओळखू येतात.”

चांदवडहून एक ज्येष्ठ प्राध्यापक बोलावले. विद्यापीठाचे पेपर वर्षानुवर्षं तपासणारे, हिशोबी, निःपक्षपाती. त्यांना मी आबासाहेब म्हणेन. शनिवारी सकाळी एसटीने आले, दुपारपर्यंत माझ्या केबिनमध्ये बसून सोळा पेपर तपासले. बाहेर हॉलमध्ये क्लोदीनचा सत्कार चालू होता, आत हे. क्लोदीनचं परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं. मधले दिवस त्या पिंपळगावकडच्या बागा पाहणार होत्या, हे माझं नशीब.

आबासाहेबांची आणि क्लोदीनची यादी मी शेजारी ठेवली. मला जे हवं होतं ते जवळजवळ मिळालं. आकडे वेगळे, पण क्रम बहुतेक तोच. क्लोदीनचे दहा तिथे आबासाहेबांचे साठ, क्लोदीनचे अकरा तिथे चौसष्ट. साडेसातवाला मुलगाही इथे पास होत होता. पट्टी तयार होत होती.

पण दोन नावं जागेवर नव्हती. आबासाहेबांनी प्रशांतला एक्याऐंशी दिले होते, वर्गात सर्वांत जास्त. क्लोदीनने त्याला नऊ दिले होते. आणि रेखाला आबासाहेबांनी दिले होते अडुसष्ट.

अडुसष्ट. आमच्या पट्टीनेही सत्तर नाहीत.

मी रेखाचा पेपर त्यांच्यापुढे ठेवला. “आबासाहेब, हिचे कुठे कापले?”

“ही? ही पोरगी हुशार आहे. पण व्याख्याच लिहिली नाही. दोन गेले. आकृती नाही. दोन गेले. प्रस्तावना नाही, समारोप नाही. एकदम सुरूच होते.”

“उत्तर बरोबर आहे का?”

“बरोबर?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरोबर तर आहेच. पण मॅडम, फॉरमॅट?”

मी तो पेपर त्यांच्यासमोरच वाचला. प्रश्न होता, वाहतुकीत द्राक्षं का सडतात आणि उपाय काय. रेखाने मनमाडच्या पार्सल ऑफिसापासून सुरुवात केली होती. एका गाडीतून उतरलेल्या पेट्या दुसऱ्या गाडीची वाट पाहत फलाटावर पडून राहतात. ती वडिलांच्या ऑफिसात अकरा दिवस थर्मामीटर घेऊन बसली होती. तिला दिसलं ते असं: शीतगृहातून थंड होऊन आलेल्या पेट्यांना फलाटाच्या गरम हवेत आतून पाणी सुटतं, आणि न थंड केलेल्या पेट्यांपेक्षा त्याच आधी बुरशीने भरतात. म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत थंडावा देणं हे काहीच न देण्यापेक्षा वाईट. हे आमच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. क्लोदीनच्या व्याख्यानातही नव्हतं.

प्रशांतचा पेपर देखणा होता. व्याख्या, वर्गीकरण, पेन्सिलीने आकृती, प्रत्येक मथळ्याखाली दोन रेघा.

सोमवारी सकाळी प्राचार्यांकडे बैठक. मी, सर आणि क्लोदीन. सरांना दोन्ही याद्या दाखवल्या तसे ते खूश झाले.

“मग प्रश्न मिटला! प्रशांतला एक्याऐंशी आहेत. डिस्टिंक्शन. त्यालाच पाठवा. मुलगा गुणी आहे.”

“गुणी आहे,” मी म्हणाले.

क्लोदीनला मी इंग्रजीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “त्याने माझं व्याख्यान मला परत लिहून दिलं. व्याख्यान माझ्याकडे आधीच आहे.”

“काय म्हणतायत?” सरांनी मला मराठीत विचारलं. त्यांना इंग्रजी उत्तम येत होतं. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

“म्हणतायत की प्रशांतने पाठ करून लिहिलं.”

“मग चुकलं काय? आपण मुलांना दुसरं काय शिकवतो?”

हा प्रश्न ते सहज बोलून गेले. पण मथळ्याखाली दोन रेघा मारायला त्या मुलांना मीच शिकवलं होतं, पहिल्या वर्षाला, फळ्यावर, पट्टी घेऊन. परीक्षकाच्या डोळ्यांना बरं दिसतं म्हणून. प्रशांत माझा आज्ञाधारक विद्यार्थी होता. रेखाने माझं ऐकलं नव्हतं.

मी माझ्या वहीतलं पान काढलं. “सर, आबासाहेबांची यादी ही चाचणी होती. ती निकाल नाही. पेपर क्लोदीनने शिकवला, करारानुसार गुण त्यांचेच. आपल्याला फक्त त्यांचा आकडा आपल्या आकड्यात वाचायचा आहे. आणि तो एकेका मुलाकडे पाहून वाचायचा नाही. नाहीतर आज रेखासाठी वाचू, उद्या कुणाच्या पुतण्यासाठी.”

“मग कशाकडे पाहून?”

“वर्गाकडे. त्यांच्या तीन वर्षांच्या वर्गांत तेरा आणि त्यावर दर दहांत एकालाच मिळतात. आपल्या तीन वर्षांत दर दहांत एकाच्या वाट्याला येतात पंच्याहत्तर. म्हणून त्यांचे तेरा तिथे आपले पंच्याहत्तर. दहा तिथे साठ. आठ तिथे पन्नास. असा तक्ता करायचा, तो आत्ताच्या सोळांना आणि पुढे येणाऱ्या सगळ्यांना सारखा लावायचा. तिघांनी सही करायची, प्रत आपल्या विद्यापीठाला पाठवायची.”

“फ्रान्सचे आकडे आले?”

“अजून नाही.” हीच माझी कच्ची बाजू होती. “हे क्लोदीनच्या तोंडचे आहेत. कागद आला की पक्कं होईल.”

“आणि त्यात रेखा बसली नाही तर?”

“तर नाही बसली.” हे बोलताना माझा आवाज सरळ राहिला, याचं मला आजही बरं वाटतं. “मग मी तिला स्वतः सांगेन की अट मी लिहिली.”

सरांनी तक्ता माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, “प्रशांतचे वडील माझ्याकडे येतील.”

“माझ्याकडे पाठवा.”

मंगळवार गेला, फॅक्स नाही. बुधवारी मी तिकडे फोन लावला. विभागाच्या सेक्रेटरी रजेवर होत्या, आणि रजेवरच्या माणसाचं कपाट तिकडे दुसरं कुणी उघडत नाही, असं कळलं. क्लोदीनने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला आणि फ्रेंचमध्ये दोन मिनिटं जे काही बोलल्या, त्याचा अर्थ मी विचारला नाही. भाऊसाहेब दारात उभे होते. “भाषा कळली नाय मॅडम, पण काम होणार,” ते म्हणाले. गुरुवारी दुपारी फॅक्स मशीन सुरू झालं आणि तीन पानं आली.

मी आणि भाऊसाहेबांनी आकडे दोनदा मोजले. क्लोदीनची आठवण थोडी उदार होती. तेरा आणि त्यावर दहांत एक नव्हे, त्याहूनही कमी मुलांना मिळत होते. तेराच्या समोर पंच्याहत्तरऐवजी शहात्तर आले. आणि ईशान, बाराच्या समोर एकाहत्तर. तक्ता टाइप झाला, तीन सह्या झाल्या. साडेसातवाल्या मुलाला अठ्ठेचाळीस मिळाले. तो पास झाला आणि त्याने सगळ्या विभागाला पेढे वाटले. शुक्रवारी अकरा वाजता रेखाचं नाव फॅक्सने गेलं. करारातलं सत्तरचं कलम का चुकलं आणि पुढे ते या तक्त्यानेच वाचायचं, अशी अर्ध्या पानाची टीप मी माझ्या सहीने फाइलला लावली. प्राचार्य म्हणाले, “एवढं कबूल करायची गरज नव्हती.” मी म्हणाले, “फाइल माझ्यानंतर कुणीतरी वाचेल, सर.”

प्रशांतचे वडील आले नाहीत. प्रशांत आला. त्याच शुक्रवारी, दुपारी, यादी बोर्डावर लागल्यानंतर.

“मॅडम, माझं काय चुकलं?”

मी त्याला खुर्ची दिली. “तुझं नाही चुकलं. आम्ही शिकवलं तसं तू लिहिलंस. क्लोदीन मॅडमना दुसरं काहीतरी हवं होतं.”

“मग ते आधी सांगायचं ना.”

मी त्याला क्लोदीनकडे घेऊन गेले. जाण्याच्या आदल्या दिवशी, अर्धवट भरलेली बॅग बाजूला सारून, त्या त्याच्या पेपरवर तासभर त्याच्याशी बोलल्या. तो बाहेर आला तेव्हा खूश नव्हता. ‘थँक यू मॅडम’ म्हणाला आणि गेला. पुढे त्याचं चांगलं झालं, बँकेत अधिकारी झाला, पण रस्त्यात भेटला की नमस्कार जरा तुटकच करतो. त्याला तो हक्क आहे.

रेखा सहा महिन्यांसाठी गेली आणि आठ महिन्यांनी आली, कारण त्यांनीच तिला थांबवून घेतलं. पार्सल ऑफिसातल्या पेट्यांवर तिचा आणि क्लोदीनचा मिळून एक लेख छापून आला. आता ती स्वतः शिकवते. माझ्यापेक्षा कडक तपासते, असं ऐकते.

या सगळ्यातून मी व्यवसायापुरती एक गोष्ट शिकले. दुसऱ्या विद्यापीठाशी करार करताना आधी त्यांच्या मार्कांच्या याद्या मागवाव्यात, मग शाली विकत आणाव्यात. दुसरीही एक आहे. त्या वर्षापासून मी फळ्यावर दोन रेघा मारायला शिकवणं बंद केलं. त्याऐवजी काय शिकवायचं, ते कळायला मात्र मला निवृत्तीपर्यंतचा वेळ लागला.

करार सात वर्षं चालला. मग क्लोदीन निवृत्त झाल्या, तिकडे नवे लोक आले, पत्रं विरळ झाली आणि एके वर्षी त्याचं नूतनीकरण कुणी मागितलं नाही. कॉलेजात आता ग्रेड आणि क्रेडिट आहेत, सगळं कॉम्प्युटरवर. मागच्या महिन्यात मी एका दाखल्यासाठी परीक्षा विभागात गेले होते. भाऊसाहेबांच्या जागी आता एक तरुण मुलगी आहे. फ्रान्समध्ये शिकून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या प्रवेशाचे कागद तिच्यापुढे होते. तिने कपाटाचं दार उघडलं, आतल्या बाजूला चिकटवलेल्या टाइप केलेल्या तक्त्यावर बोट ठेवलं, आकडा वाचला आणि लिहून घेतला. तक्ता कुणी केला, हे तिला माहीत नव्हतं, आणि तिने तो बरोबर वाचला.

तुमची आजी